काळ्या दगडावरची रेघ

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘खडकांचे विदारण : प्रक्रिया व प्रकार’. विदारण म्हणजे हवापाण्यानं खडकाचं जागच्या जागी मोडणं. विषय वाचूनही तुम्ही आलात. बाहेर उकडतंय आणि या सभागृहाचे पंखे बरे आहेत, हे मला ठाऊक आहे. तरीही आभार.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो, म्हणजे मध्येच उठून जाणाऱ्यांचं नुकसान नको. पक्क्या गोष्टीला आपण ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. ज्यानं हे पहिल्यांदा म्हटलं त्यानं काळ्या दगडावर छिन्नी चालवून पाहिली असेल, पण तो दगड मुरमात गाडून पाहिला नसेल. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हवापाण्यापुढे ग्रॅनाइटच्या कितीतरी आधी हात टेकतो. मी हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. पटलं मात्र स्वतःच्या घराला तडा गेला तेव्हा.

नोकरीत असताना गावाबाहेर प्लॉट घेतला, माळाच्या उताराला. पायाचे खड्डे सुरू झाले. कंत्राटदाराचं नाव सांगत नाही, अजून लग्नकार्यात समोर येतो. पाचेक फुटांवर पहार टण्णकन वाजली आणि त्याचा फोन आला, “सर, कातळ लागला! आता खाली जायचं कारण नाही.” मी कॉलेजात पेपर तपासत होतो. मनात हिशेब केला : खोदाई वाचली, काँक्रीट वाचलं. म्हटलं, भरा. भूशास्त्राचा प्राध्यापक स्वतःच्या घराच्या खड्ड्यात उतरला नाही! हसा, हसा. बायको बारा वर्षं हसतेय.

दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, ओट्यापर्यंत. आधी गिलाव्याची म्हणून पुट्टी भरली. पुन्हा उघडली. शेवटी कडेनं खणलं तेव्हा दिसलं, की तो कातळ नव्हताच. रांजणाएवढा एक गोटा होता, वर-खाली-चहूबाजूंनी मुरूम. माझ्या घराचा एक खांब त्या गोट्यावर उभा होता, आणि ओला झालेला मुरूम खालून दबत होता.

त्याच गोट्याचा हा तुकडा. टेबलावर ठेवलाय, पापुद्रे गळतात म्हणून खाली वर्तमानपत्र. कांद्यासारखे थर दिसतात ना? बाहेरचा थर बोटानं चुरडतो, त्याच्या आतला नखानं निघतो, गाभ्यावर मात्र हातोडी उडते. आता हा गोल कसा झाला? नदीनं घासून नाही, माळावर नदी कुठली? लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि खडकाचे चौकोनी ठोकळे होतात. भेगांतून पाणी शिरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकीकडून लागतं, कडेवर दोन्हीकडून, कोपऱ्यावर तिन्हीकडून. खडीसाखरेचा खडा तोंडात धरून बघा, आधी कोपरे जातात. चौकोनाचा गोटा होतो तो असा. जागचा न हलता.

आमच्या भागात एक म्हातारे पाथरवट होते, जाती-पाटे घडवायचे. दगड घेताना डोळ्यांनी कमी, कानांनी जास्त बघायचे. हातोडीची एक टिचकी. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द बोलला तर आत पाणी फिरलंय, सोडून द्यायचा. या माणसाला मी खड्ड्यात उतरवलं असतं तर माझे पैसे वाचले असते. पण आमच्याकडे डिग्री होती ना!

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. म्हणजे संयोजकांच्या घड्याळात सात. बरं, आता पत्रिकेतला विषय.

कायिक विदारण, म्हणजे खडकाची नुसती मोडतोड : पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, भेगेतला बर्फ खडक फोडतो. हिमालयात. आपल्याकडे ते काम उन्हापावसाचं, मुळांचं आणि किनाऱ्यावर मिठाचं. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांच्या भिंती पाहा : दगड खाऊन आत गेलेला, चुन्याचे सांधे पुढे आलेले. ज्याच्यावर भरवसा तोच आधी झिजला.

रासायनिक विदारण, हे खरं आपलं. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतं. ते बेसाल्टमधल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजाची चिकणमाती करतं, आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे लोह गंजतं. तांबूस मुरूम म्हणजे अर्धा गंज. गोल्डिच नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकानं 1938 साली क्रम लावला : तप्त शिलारसातून जी खनिजं आधी घट्ट होतात, ती पृथ्वीच्या पाठीवर आधी विरघळतात. बेसाल्ट अशाच खनिजांचा. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, असतो, तो शेवटपर्यंत टिकून वाळू होतो. बेसाल्टमध्ये तो जवळजवळ नाही, म्हणून त्याचा शेवट चिखलात.

आणि चिखलही दोन तऱ्हांचा. देशावर पाऊस बेताचा, तिथे फुगणारी चिकणमाती जागीच राहते : उन्हाळ्यात भेगाळणारी काळी रानं. कोकणात पाऊस सिलिकासुद्धा, म्हणजे वाळू ज्याची बनते तो घटकही, धुऊन नेतो, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम राहतं : जांभा. ताजा असताना कुऱ्हाडीनं कापावा, वाऱ्यावर ठेवला की कडक चिरा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाला 1807 साली मलबारातल्या या दगडाला नाव देताना विटेचा लॅटिन शब्द आठवला, लॅटेराइट.

घाटात काळ्या थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो ना? 6.6 कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा ओतला, थांबला, त्याच्या पाठीची माती होऊ लागली, तोवर दुसरा वर आला आणि त्यानं ती भाजली. असे बरेच पट्टे. म्हणजे हा खडक पुरता तयार व्हायच्या आतच मोडायला लागला होता.

अजिंठा दोन हजार वर्षं उभं आहे की, असं तिसऱ्या रांगेतले काका पुटपुटले. काका, 6.6 कोटींत दोन हजार म्हणजे कालची दुपार.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. भेगेवर आम्ही काचेची पट्टी चिकटवलीय, घर हललं तर ती तडकते. आतापर्यंत दोन तडकल्या, तिसरी अजून शाबूत आहे. जाताना या गोट्याला हात लावून जा, पण पापुद्रे सतरंजीवर पाडू नका, सभागृहवाले अनामत कापतात.