माशाला दहा मिनिटं, कोंबडीला दीड तास

(दृश्य: तलावाची पाळ, धानाचे बांध, डालग्याखाली झाकलेली कोंबडी.)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. या पट्ट्यात गावागणिक तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी धानासाठी कितीतरी तलाव बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, आणि हे झाले माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. पाणी धानाला जातं, मासळी गावाच्या चुलीवर येते. मुंबईचा किनारा इथून रेल्वेनं ८०० किलोमीटरहून लांब, त्यामुळे समुद्र इथं येतो तो आठवडी बाजारातल्या पोत्यांतून, सुकट आणि बोंबील होऊन. कोंबडी मात्र अंगणातली.

आजच्या सायंकाळी चुलीवर गावरान कोंबडी आणि तलावातला मरळ मासा, दोन्ही आहेत. तेल, तिखट, खोबरं सारखंच. फरक आहे तो वेळेचा.

कोंबडीची तयारी आदल्या रात्री सुरू होते. दाणे बंद, पाणी मात्र चालू. गळ्याखालची पिशवी रिकामी असली की साफ करताना घाण मांसाला लागत नाही. कापल्यावर रक्त पूर्ण निथळू द्यायचं, नाहीतर मांस काळपट पडतं आणि लवकर खराब होतं.

पिसं काढायला पाणी उकळतं नको. गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाशी बुडबुडे धरायला लागले, म्हणजे ६० ते ६५ अंश झाले, की पुरे. पाय धरून कोंबडी मिनिटभर बुडवायची आणि पंखाचं एक मोठं पीस ओढून पाहायचं. ते अलगद सुटलं की बाहेर काढायची. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांसोबत फाटून येते. राहिलेली बारीक लव हळद चोळून तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाच्या, जाळावर भाजतात. कातडी सोनेरी होते, आणि तणसाचा तो धुरकट वास पुढे रश्शातही उतरतो. कातडी सोलून फेकणाऱ्याला ही चव मिळत नाही.

(दृश्य, अगदी जवळून: कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी, शेजारी विळीचं पातं.)

ही पित्ताची पिशवी. शेंगदाण्याएवढी, हिरवी. ती हातानं ओढायची नाही. कलेजीचा छोटा तुकडा तिच्यासोबत जाऊ द्यायचा आणि कापून काढायची. फुटलीच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि हिरवा झालेला भाग टाकून द्यायचा. टाकवला नाही म्हणून तो गंजात गेला, तर सगळा रस्सा कडू होतो आणि कोणत्याही मसाल्यानं तो सुधारत नाही. पोटा, म्हणजे दाणे दळणारी मांसल पिशवी, उभा चिरून आतली पिवळी, खरखरीत साल सोलायची.

कापल्यावर थोड्याच वेळात मांस ताठरायला लागतं. त्या ताठरलेल्या अवस्थेत शिजवलेली कोंबडी चिवट लागते. चार-सहा तास थंड जागी ठेवली तर ती सैल पडते. विदर्भाच्या उन्हाळ्यात थंड जागा म्हणजे फ्रिजच. तो नसेल तर वाट पाहत मांस उघड्यावर ठेवू नये. लगेच शिजवावं आणि वेळ वाढवून द्यावा.

सव्वा किलो कोंबडीला चार मध्यम कांदे, ५० ग्रॅम सुकं खोबरं, दोन मोठे चमचे धने, दोन चहाचे चमचे खसखस, दोन गड्ड्या लसूण, दोन बोटं आलं, आणि लवंग, मिरे, दालचिनी, मसाला वेलची, दगडफूल बेताचं. भिवापुरी मिरचीचं तिखट दोन-तीन चहाचे चमचे. खसखस अर्धा तास भिजवली तरच पाट्यावर लोण्यासारखी वाटली जाते. कोरडी वाटली तर कणी राहते आणि तळाशी लागते. खोबरं बदामी झालं की उतरवायचं. तव्यावर ते उतरवल्यावरही भाजत राहतं, म्हणून लगेच ताटात पसरायचं. जळकं खोबरं हे कडू रश्शाचं दुसरं कारण.

जुन्या घरांत जवसाचं तेल असायचं, आता बहुधा सोयाबीनचं. कोणतंही असो, दीड वाटी घ्यायचं. वाटण मंद जाळावर इतकं परतायचं की ते तेल परत बाहेर टाकेल. याला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. तर्री, म्हणजे रश्शावरचा लाल तवंग, इथंच ठरते. वाटण कच्चं असताना पाणी ओतलं, तर वरून कितीही तेल घाला, ते वेगळं तरंगतं. त्याला तर्रीचा रंग येत नाही.

मग तुकडे घालून दहा मिनिटं परतायचे आणि पाणी उकळतं ओतायचं. गार पाण्यानं गंज थंड पडतो, उकळी पुन्हा यायला वेळ जातो. हिंडून-फिरून वाढलेल्या कोंबडीच्या स्नायूंत चिवट धागे जास्त असतात. ते मंद उकळीतच विरघळतात आणि रश्शाला दाटपणा देतात. आठ-दहा महिन्यांच्या कोंबडीला चुलीवर सव्वा ते दीड तास लागतो, म्हाताऱ्या कोंबडीला दोनही. शिजली का हे मांडीचा तुकडा दाबून कळत नाही. तंगडीच्या टोकाला मांस हाडावरून मागे सरकलं का, ते पाहायचं.

(दृश्य: पाण्याच्या घमेल्यात वळवळणारी मरळ.)

मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून बाजारात ती जिवंत मिळते. मेलेली घ्यायची तर कल्ले लाल आणि डोळे फुगीर हवेत. अंगावरचा बुळबुळीतपणा नुसत्या पाण्यानं जात नाही. चुलीतली राख आणि जाडं मीठ चोळून दोन वेळा धुवायची, मगच ती हातात ठरते. तुकडे दोन बोटं जाड. मीठ, हळद आणि लिंबू लावून पंधरा मिनिटं ठेवायचे. तासभर ठेवले तर आंबट मांसात उतरतं आणि शिजताना तुकडा विस्कटतो.

तलावाच्या मासळीला कधी चिखलाचा वास येतो. तो पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेल्या द्रव्याचा असतो, आणि आंबटात ते द्रव्य मोडतं. म्हणून इथं माशाच्या रश्शाला चिंच लागतेच. किलोभर माशाला लिंबाएवढी चिंच. वाटण कोंबडीचंच, पण निम्मं आणि गरम मसाला नावापुरता. आधी चिंचेच्या कोळासह रस्सा दहा मिनिटं उकळू द्यायचा आणि मगच तुकडे सोडायचे. पुढे आठ-दहा मिनिटं, बस. पळी घालायची नाही. गंज दोन्ही हातांनी धरून हलवायचा. माशाला कोंबडीसारखं तासभर उकळलं, तर रश्शात काटे आणि भुगा उरतो. उतरवताना वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर.

पावसाच्या पहिल्या पाण्याला ओढ्यानं चढणारी, पोट फुगलेली मासळी सहज हाती लागते. ती अंडी टाकायला निघालेली असते. ती सोडावी, पुढल्या वर्षीचा तलाव तिच्या पोटात असतो.

सुकट झटपट होते. १०० ग्रॅम सुकट कोरड्या तव्यावर दोन-तीन मिनिटं भाजून डोकी-पाय चोळून काढायचे. मग पाण्यात टाकून वरच्यावर उचलायची. वाळू खाली बसलेली असते, पाणी ओतलं तर ती परत सुकटीत येते. पाव किलो वांग्यासोबत शिजवायची आणि मीठ शेवटी, चाखूनच. पावसाळ्यात डब्यातल्या सुकटीला बुरशी दिसली, तर ती उन्हात घालून वाचवू नये. फेकावी.

ताटात भात, आणि कोंबडीच्या रश्शाला भाकर. उरलेला माशाचा रस्सा सकाळी जास्त मुरलेला लागतो. तो रात्री फ्रिजमध्ये ठेवायचा, आणि सकाळी तापवताना तुकडे आधी बाजूला काढून फक्त रस्सा उकळायचा. गंज उतरवला की तुकडे त्यात परत सोडायचे आणि झाकण ठेवायचं.