आधी पत्ता बघा

वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

मंडळी, एवढ्या पावसात इतकी माणसं आली, बरं वाटलं. काही जण पावसामुळेच आत शिरलेत, तेही दिसतंय. असू द्या, बसा.

पक्ष्याचं घरटं दिसलं की आपण विणकाम बघतो. 'काय कारागिरी आहे!' म्हणतो आणि फोटो काढतो. माझं म्हणणं, कारागिरी नंतर बघा, आधी पत्ता बघा. हीच फांदी का? तिच्यासारखीच शेजारची फांदी रिकामी का? त्या पत्त्याच्या मागे बहुतेक वेळा अंडी-पिल्लं पळवणारा एखादा चोर असतो. आज मला तुम्हाला पार कॅनडापर्यंत न्यायचंय, पण निघायचं माझ्या बाल्कनीतून. बायकोनं बजावलं होतं, बाल्कनीची गोष्ट सांगू नकोस, सगळ्यांना पाठ झालीय. ज्यांना पाठ असेल त्यांनी माझ्या चुका काढाव्यात.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. लालबुड्या बुलबुलाच्या जोडीनं आमच्या मधुमालतीच्या वेलात वाटीएवढं घरटं केलं. कोळ्याची जाळी लावून चिकटवलेल्या काड्या, आत तीन अंडी, गुलाबीसर, वर तांबूस ठिपके. मला कोण आनंद! बाल्कनीत कपडे वाळत घालायची बंदी झाली. हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या. पाहुणे ओल्या चादरींखालून वाकून आत यायचे. मी वही घेऊन खुर्चीत. मादी कधी उठली, कधी बसली, सगळी नोंद. घरच्या दुधाचा हिशोब मी इतका नीट कधी लिहिला नाही.

आता चूक सांगतो. दोन फांद्या मधे येत होत्या, घरटं नीट दिसेना. मी त्या सुतळीनं बाजूला बांधल्या. कापल्या नाहीत हं, फक्त बांधल्या. समोरच्या गच्चीवर डिश अँटेना आहे, तिच्यावर एक कावळा येऊन बसायचा. मला वाटायचं, बसलाय बिचारा उन्हाचा. पाचव्या दिवशी मी चहा ठेवायला आत गेलो. चहाला उकळी यायच्या आत तिन्ही अंडी गेली. बायको एवढंच म्हणाली, "तो बुलबुलाकडे बघतच नव्हता. तो तुझ्याकडे बघत होता. माणूस रोज एकाच कोपऱ्याकडे टक लावून बसतो, म्हणजे तिथे काहीतरी असणार, एवढं कावळ्याला कळतं." हे सिद्ध करता येणार नाही. पण तेव्हापासून घरट्याभोवतीची पानं सारून फोटो काढणारे लोक दिसले की माझं डोकं फिरतं, आणि ते का फिरतं हे आता तुम्हाला कळलं असेल.

पुढच्या वर्षी जोडी आली. चोचीत वाळकी काडी घेऊन मादी ग्रिलवर बसली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि गेली. कुठे? समोरच्या विंगमध्ये एक आजी राहतात, त्यांच्या घरात! बाल्कनीतसुद्धा नाही, आतल्या पॅसेजमध्ये, जुन्या दिव्याच्या लोंबत्या वायरवर. खाली मिक्सर चालतोय, टीव्हीवर मालिका ओरडतेय, नातू भिंतीवर बॉल आपटतोय, आणि वर मादी अंड्यांवर शांत बसलेली. पिल्लं उडून गेली. लिफ्टमध्ये भेटल्या की आजी विचारायच्या, "तुमच्याकडे नाही का आली यंदा?" जोडी तीच होती का? पायात कडं नव्हतं, त्यामुळे शास्त्र म्हणून सांगता येत नाही. दुखावलेला शेजारी म्हणून सांगतो, तीच होती.

(हशा)

लोक म्हणतात, बुलबुल खुळा, कुठेही घरटं घालतो. खुळा नाही हो! कावळा माणसांच्या पॅसेजमध्ये शिरायला कचरतो. मिक्सरचा आवाज त्या बुलबुलाला चौकीदाराच्या शिट्टीसारखा वाटत असणार. रानात हेच काम कोतवाल करतो. नाव उगाच पडलेलं नाही. विणीच्या दिवसांत हा काळा पक्षी कावळ्याला, शिक्र्याला, घारीलाही झोडपून लावतो. मग त्याच्याच झाडावर हळद्या घरटं बांधतो, होले बांधतात, बुलबुलही बांधतात. पोलीस चौकीशेजारी खोली भाड्यानं घ्यावी, तसं. भाडंही द्यावं लागत नाही.

सुगरणीचं बघा. सालिम अलींनी अलिबागजवळ किहीमला तिचं निरीक्षण केलं, 1931 साली प्रसिद्ध केलं. नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडलं तर पुढचं काम. म्हणजे फ्लॅट बुक झाल्यावर बिल्डरनं प्लास्टर करायचं! पुढच्या अभ्यासांत दिसलं, की मादी विणकामापेक्षा जागेला जास्त महत्त्व देते. विहिरीवर झुकलेली बाभूळ, शिंदीच्या झावळ्यांची टोकं, खाली पाणी नाहीतर काटे. सापाला, मांजराला तिथवर जाणं जड. तरी धामण जातेच, तो भाग वेगळा. आणि सगळं खापर चोरांवर फोडू नका. बऱ्याच झाडांवर सुगरणींची घरटी पूर्वेच्या बाजूला जास्त असतात, ती नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाच्या माऱ्यापासून वाचायला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, कॅनडा राहिलाच की! बरं, भराभर सांगतो.

इतका वेळ आपण खाल्ल्या गेलेल्या अंड्यांबद्दल बोललो. पण कोणी खाल्लंच नाही, नुसती धास्ती असली, तर? लियाना झॅनेट या जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर हेच तपासलं. पक्षी म्हणजे साँग स्पॅरो, आपल्या चिमणीएवढाच, गाणारा. त्यांनी घरट्यांभोवती विजेची कुंपणं आणि जाळ्या लावल्या, म्हणजे खरा चोर आत शिरू नये. मग झाडीत स्पीकर ठेवले. काही ठिकाणी रॅकून, कावळे, ससाणे यांचे आवाज, काही ठिकाणी निरुपद्रवी प्राण्यांचे. पक्ष्यांना सवय होऊ नये म्हणून मधेमधे बंदही ठेवायचे. विणीचा अख्खा हंगाम हे चाललं.

शत्रूचे आवाज ऐकणाऱ्या माद्यांनी घरटी जास्त दाट, जास्त काटेरी झुडपांत बांधली. अंडी कमी घातली. अंड्यांवर बसल्या तरी सारख्या उठायच्या, त्यामुळे त्यांतलीही कमी उबली. पिल्लांना चारायला फेऱ्या कमी, म्हणून पिल्लंही जास्त मेली. हंगामाच्या शेवटी त्यांची पिल्लं 40 टक्क्यांनी कमी भरली. आणि चोरानं एकही अंडं उचललेलं नव्हतं! 2011 साली हे 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात आलं. एरवी आपण घरट्यांची मोजदाद करतो, तेव्हा फुटलेली अंडी मोजतो. न घातलेली अंडी कोण मोजणार?

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या जंगलातलं एक काम आलं. तिथं चिपमंक म्हणून खारीची भावकी आहे, अंडी पळवणारी. त्यांचे आवाज स्पीकरवर लावले, तर ओव्हनबर्ड आणि व्हीरी या जमिनीवर किंवा तिच्या जवळ घरटी करणाऱ्या पक्ष्यांनी त्या जागांपासून लांब घरटी बांधली. म्हणजे जागा ठरवण्याआधी कानोसा घेतला. आपण फ्लॅट घेताना रात्री त्या भागात एक चक्कर मारतो ना, तसाच प्रकार.

शिंपी आणि शिंजीर हे पक्षी राहिले. शिंजीराचं घरटं कचरा लोंबकळल्यासारखं का दिसतं, ते पुढच्या वेळी. संयोजक उभे राहिलेत, माइक काढून घेण्याच्या बेतात आहेत.

काय म्हणालात? मागून प्रश्न आहे. यंदा बाल्कनीत काय? यंदा मी वेलाला हात लावलेला नाही. खुर्ची आत घेतलीय, कपडे बाहेर गेलेत. कावळा अजून अँटेनावर येतो. बुलबुल आजींकडेच आहेत, त्याच वायरवर.