समुद्राकडे पाठ

(हर्णै बंदर, संध्याकाळ. लिलावाचा गलका, बैलगाडीची चाकं पाण्यातून येताना.)

हा गलका ऐकताय ना, हा हर्णैचा मासळीचा लिलाव. बोटी जरा आत खोल पाण्यात उभ्या राहतात, तिथून मासळी काठावर आणायला होड्या आणि बैलगाड्या, बैल पार पोटापर्यंत पाण्यात, वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग, आणि या सगळ्याच्या मागे समुद्रात सुवर्णदुर्ग. कॅमेरा नुसता वर धरला तरी फोटो येईल असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मी दापोलीची. नोकरी आहे, त्यामुळे फोटोग्राफी म्हणजे रविवार आणि सुट्ट्या, बास. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड कॅमेरा घेतला, सोबत १८-५५ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती साधी लेन्स, आणि पहिल्याच पावसाळ्यात ती लेन्स कपाटात ठेवून मी मोकळी झाले. गणपतीत बाहेर काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! कोकणात पापड सादळतो तिथे लेन्स कशी वाचेल, पण हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. रिपेरवाल्याने साफ करायचे पैसे सांगितले तेवढ्यात दुसरी जुनी लेन्स आली असती. आता घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते, डबा आईचा आहे, लाडू ठेवायचा, ती अजून विचारते कधी परत देणार म्हणून.

(मोबाइलवर एकामागून एक सूर्यास्ताचे फोटो.)

तर सुरुवातीचे माझे फोटो हे असे. केशरी आभाळ आणि पुढे काळी माणसं. दुसऱ्यांचे बघून बघून काढलेले, लाइक पण मिळायचे. यात कौशल्य काही नाही हो, पश्चिम किनारा आहे, संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो, आपण काठावर उभं राहून समुद्राकडे कॅमेरा धरतो, आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर जे असेल ते सरासरी मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो, मग एवढा उजेड दिसला की तो सगळंच दाबून टाकतो आणि मधला माणूस काळा पडतो.

एकदा असाच एक फोटो तिथल्या एका मावशींना दाखवला. त्यांचाच होता, डोक्यावर टोपली, मस्त आकार आलेला. त्यांनी मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, आणि म्हणाल्या, "अगो, हे मी? तोंड कुठं माझं?"

काय सांगणार. तोंड नव्हतंच.

(दापोली एसटी स्टँड. लाल एसटी.)

त्या पावसाळ्यात मासेमारी बंद, बोटी काठावर ओढून शाकारलेल्या, बंदरावर कुत्रं नाही. मग मी घरी बसून दुसऱ्यांचे फोटो बघायला लागले, म्हणजे लाइक करायला नाही, नीट बघायला. एक फोटो घ्यायचा आणि वहीत त्याचं चित्र काढायचं, वेडंवाकडं चालेल, पण सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात, म्हणजे उजेड कुठून येतोय, आणि मुख्य म्हणजे हा माणूस उभा कुठे होता.

त्यात फोटोग्राफर रघुबीर सिंग सापडले. आधी मी त्यांची आणि दुसरे फोटोग्राफर रघु राय यांची गल्लत करायचे, दोघंही रघु, दोघंही १९४२चे, चूक माझी एकटीची नसणार. रघुबीर जयपूरचे. १९६६ला फ्रेंच फोटोग्राफर आन्री कार्तिए-ब्रेसाँ जयपूरला आले होते तेव्हा रघुबीरनी त्यांना काम करताना प्रत्यक्ष पाहिलं. आणि मला आवडतं ते पुढचं, की ब्रेसाँ म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटवाला माणूस, पण रघुबीर आयुष्यभर रंगीतच काढत राहिले. गर्दीत उभं कसं राहायचं, थांबायचं किती, ते घेतलं असेल, पण रंग सोडले नाहीत.

त्यांची अँबेसेडर गाडीची एक फोटोमालिका आहे. गाडीची खिडकी, उघडं दार, आरसा, हीच चौकट, आणि त्या चौकटीत अख्खा भारत, काचेतून एक गोष्ट दिसते आणि आरशात तिसरीच. ते बघून मला वाटलं, अँबेसेडर नाही तर नाही, आपल्याकडे एसटी आहे!

(एसटीच्या खिडकीतून काढलेले फोटो.)

दापोली ते हर्णै पंधराएक किलोमीटर, वाटेत आसूदच्या पोफळीच्या बागा. पहिल्या दिवशी सगळे फोटो हललेले, एसटी हलते म्हणजे काय हलते ते तुम्हाला माहितीये. मग शटर १/१००० वर नेलं, म्हणजे ते सेकंदाचा हजारावा भागच उघडं राहतं, तरी खिडकीजवळचं झाडबीड पुसटच येतं, दूरचं घर स्पष्ट येतं, ते राहू दिलं. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, बाहेरच्या उजेडाचं धरलं की खिडकीचे गज काळे येतात आणि चौकट आपोआप तयार. कंडक्टर एकदा म्हणाले, ताई, बाहेर बघण्यासारखं काय आहे, मी रोज बघतो. त्या दिवसाचा चांगला आलेला एकमेव फोटो त्यांचाच, दारात उभे, मागे पाऊस.

नक्कलच होती ही, मान्य आहे. पण नक्कल करताना एक कळलं, की रघुबीर गाडीतून उतरून पुढे जाऊ शकले असते, गाडी वगळून फोटो काढता आला असता, त्यांनी मुद्दाम मागे राहून गाडी आत घेतली. म्हणजे सगळा खेळ उभं कुठे राहायचं याचा, आणि मी हर्णैला दोन वर्षं एकाच जागी उभी होते, जिथे सगळे टुरिस्ट उभे राहतात तिथे.

(बंदर. ऑगस्टनंतर. पाण्यात उभी ती, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.)

बोटी पुन्हा सुरू झाल्यावर मी चपला काढल्या आणि गुडघाभर पाण्यात गेले. सूर्याकडे पाठ, समुद्राकडे पाठ, सुवर्णदुर्गाकडे पण पाठ, इतक्या लांबून येऊन किल्लाच फ्रेममध्ये नाही म्हणून एक टुरिस्ट हसला पण. लेन्सचं छिद्र एफ ५.६, शटर १/५००, उजेड टिपायची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ४००. समोर काठावर सगळे चेहरे त्या पिवळ्या उजेडात, कपाळावरचा घाम दिसतोय, बोटाने भाव सांगणारे हात दिसतायत, बर्फ चमकतोय. एक लाट आली आणि कंबरेपर्यंत भिजले, कॅमेरा डोक्यावर धरला होता म्हणून वाचला.

मावशींचा फोटो त्यातच मिळाला. भावावरून भांडतायत, एका हातात पापलेट वर धरलेलं.

दापोलीत प्रिंट काढली, ४ बाय ६, आणि पुढच्या रविवारी नेऊन दिली. त्यांनी ओले हात पदराला पुसले, फोटो घेतला, बराच वेळ बघितला, मग शेजारणीला हाक मारून दाखवला.

"बघ गो," म्हणाल्या, "पापलेट बघ किती ताजं होतं त्या दिवशी, आणि तो मेला दोनशे कमी देत होता."