क्षमा कुणाला करायची? क्रॅडॉकचे चौघे

(पडदा काळा. वर्तमानपत्रांचा गठ्ठा जमिनीवर टेकल्याचा आवाज.)

नोमोंडे कालाटा 'हेराल्ड'चे अंक घरोघरी टाकायच्या. जून १९८५ संपत आला होता. दक्षिण आफ्रिकेत हे ऐन थंडीचे दिवस. नवरा गुरुवारी पोर्ट एलिझाबेथला बैठकीसाठी गेला होता, तो परतलाच नव्हता. घरात दोन लेकरं, तिसरं पोटात. नोमोंडे मथळ्यांवरून नजर फिरवत होत्या, तेवढ्यात मुलांपैकी एकाने पेपरातल्या फोटोवर बोट ठेवलं. बाबा ज्या गाडीतून गेले ती गाडी. जळालेली.

(दृश्य: करू प्रदेशातला कोरडा माळ, दूरवर सरळ गेलेला रस्ता.)

हे क्रॅडॉक. ईस्टर्न केपमधलं मेंढपाळीचं गाव, आता त्याचं नाव नक्सुबा. गोऱ्यांचं क्रॅडॉक नदीकाठी, रुंद रस्त्यांचं. आणि काळ्यांची वस्ती वेगळी, लिंगेलिहले. वर्णभेदाच्या राजवटीत प्रत्येक गावाला अशी दुसरी बाजू होती, आणि कुणी कुठल्या बाजूला राहायचं हे कातडीच्या रंगावरून कायदा ठरवायचा.

लिंगेलिहलेच्या शाळेत मॅथ्यू गोनिवे गणित आणि विज्ञान शिकवायचे. राजकीय कामासाठी चार वर्षं तुरुंगात काढलेला हा माणूस. पण त्यांच्याविषयी बोलताना लोक आधी त्यांचं शिकवणं आठवतात, मग तुरुंग. मास्तर म्हणून त्यांनी पोरांचा विश्वास कमावला, आणि पोरांच्या मागोमाग त्यांचे आईबाप आले. १९८३ मध्ये वस्तीतल्या घरभाड्याचा प्रश्न पेटला, तेव्हा गोनिवे मास्तरांनी रहिवाशांची संघटना उभी केली. गल्लीगल्लीत समिती. कुणाचं भाडं थकलंय, कुणाच्या घरी मयत झाली, कुणाच्या पोराला पोलिसांनी उचललं, हे सगळं समितीला ठाऊक. सरकारच्या डोळ्यांवर आलं ते हेच. घोषणा देणारा जमाव पांगवता येतो. एकमेकांची विचारपूस करणारी गल्ली कशी पांगवणार?

शिक्षण खात्याने मास्तरांची बदली केली, ग्राफ-रायनेटला. त्यांनी नकार दिला. नोकरी गेली. मग मुलं शाळेत जाईनात. त्यांचा बहिष्कार एक-दोन आठवड्यांचा नव्हता, तो वर्षाहून अधिक काळ चालला. दरम्यान मास्तरांना अटकेत टाकून झालं, सोडूनही झालं. वस्ती काही ढिली पडली नाही.

(दृश्य: चार छायाचित्रं, एकेक करून.)

मास्तरांबरोबर होते फोर्ट कालाटा, नोमोंडेंचे पती आणि त्याच शाळेतले शिक्षक. 'फोर्ट' हे नाव कुठून आलं ते सांगायला हवं. त्यांचे आजोबा जेम्स कालाटा हे धर्मगुरू, आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे एके काळचे सरचिटणीस. १९५६ मध्ये देशद्रोहाच्या खटल्यात त्यांना जोहान्सबर्गच्या 'फोर्ट' तुरुंगात डांबलं. त्याच वर्षी नातू जन्मला, आणि त्याला आजोबांच्या तुरुंगाचं नाव मिळालं.

तिसरे स्पॅरो म्खोन्तो, रेल्वेतले कामगार. चौथे सिसेलो म्हलाउली, आउट्सहूर्नचे मुख्याध्यापक. म्हलाउली मास्तरांचे बालमित्र. गावी आले होते आणि त्या दिवशी सोबत म्हणून निघाले. एवढंच.

(दृश्य: रात्रीचा रस्ता. समोरून येणारे दिवे.)

२७ जून १९८५. पोर्ट एलिझाबेथमधली युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंटची, म्हणजे वर्णभेदविरोधी संघटनांच्या आघाडीची, बैठक आटोपून चौघं रात्री नवाच्या सुमारास निघाले. क्रॅडॉकपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर. वाटेत गणवेशातल्या पोलिसांखेरीज कुणासाठीही गाडी थांबवायची नाही, असं मास्तरांनी ठरवलेलं होतं. गाडी थांबली, कारण थांबवणारे पोलीसच होते.

वाटेतल्या एका घाटाजवळ त्यांना उतरवलं आणि शहराकडे परत नेलं. पुढच्या काही दिवसांत चार मृतदेह सापडले. भोसकलेले, जाळलेले. गोळ्या घालून मोकळं होणं पोलिसांना अवघड नव्हतं. पण मारणारे पोलीस नव्हेत, काळ्यांचीच एखादी विरोधी टोळी असं दिसावं, म्हणून सुरे वापरले. त्यांची होंडा बॅलेड गाडी पेटवून दिली. पेपरात आली ती तीच.

(शांतता. मग गर्दीचा आवाज, गाणं.)

२० जुलैला अंत्यसंस्कार झाले. देशभरातून हजारो लोक लिंगेलिहलेत लोटले. बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाचा भलामोठा लाल झेंडा त्या गर्दीत उघड फडकला. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी ३६ जिल्ह्यांत आणीबाणी पुकारली. लोक घरी पोचायच्या आत कायदा बदलला होता.

पहिली न्यायालयीन चौकशी सुरू झाली १९८७ मध्ये. निष्कर्ष: खून अज्ञात व्यक्तींनी केला.

मग मे १९९२ मध्ये 'न्यू नेशन' या वृत्तपत्राने एक कागद छापला. लष्कराचा बिनतारी संदेश, तारीख ७ जून १९८५, म्हणजे खुनाच्या २० दिवस आधीची. ब्रिगेडियर योफेल व्हॅन डेर वेस्टहाउझेन यांच्याकडून राज्य सुरक्षा परिषदेच्या सचिवालयाला गेलेला. त्यात मॅथ्यू गोनिवे आणि फोर्ट कालाटा यांच्यासह तिघांची नावं, आणि शिफारस अशी, की यांना 'समाजातून कायमचं हटवण्यात यावं'.

या कागदावर मला जरा थांबावंसं वाटतं. त्यात 'ठार मारा' असं कुठेही नाही. भाषा कचेरीतली. बदली, बढती, निवृत्तीच्या फाइलमध्ये शोभेल अशी. त्याच सुमारास सरकारात दुसरी चर्चा चालली होती, ती गोनिवेंना पुन्हा शिक्षक म्हणून घ्यावं का याची. एका टेबलावर माणसाला नोकरी परत द्यायचा विचार, दुसऱ्या टेबलावर त्याला कायमचं हटवायचा. दोन्ही टेबलं एकाच सरकारची.

दुसरी चौकशी झाली. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं की खून सुरक्षा दलांनीच केला. पण सुरा कुणाच्या हातात होता, ते नाव काही निकालात आलं नाही.

(दृश्य: दक्षिण आफ्रिकेतल्याच ईस्ट लंडन शहराचं नगरभवन. लाकडी खुर्च्या, टेबलावर मायक्रोफोन.)

एप्रिल १९९६. वर्णभेदाच्या काळातले अत्याचार उजेडात आणण्यासाठी नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगाची पहिली सुनावणी इथे भरली. अध्यक्षस्थानी आर्चबिशप डेस्मंड टुटू. नोमोंडे कालाटा साक्षीला बसल्या. पेपर, फोटो, गाडी, सगळं सांगत गेल्या. त्या सकाळी त्या गोनिवेंच्या घरी धावल्या, तिथे मॅथ्यूंच्या पत्नी न्यामेका रडत होत्या. हे सांगता सांगता नोमोंडेंनी मान मागे टाकली आणि हंबरडा फोडला.

तो आवाज ध्वनिमुद्रित आहे. सभागृहात बसलेली माणसं पुढे कित्येक वर्षं त्याविषयी बोलत राहिली. आयोगाचं काम खऱ्या अर्थाने त्या क्षणी सुरू झालं असं अनेकांना वाटतं. कामकाज थांबवावं लागलं. पुन्हा बसल्यावर टुटूंनी गाणं धरलं, 'सेंझेनी ना'. खोसा भाषेत त्याचा अर्थ, आम्ही काय केलं? काय केलं होतं आम्ही?

त्याच सुनावणीत सिसेलो म्हलाउलींच्या पत्नी नोंबुयिसेलो बोलल्या. नवऱ्याचा एक हात कापून नेला होता. तो पोर्ट एलिझाबेथच्या पोलिसांकडे बाटलीत ठेवलेला असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्या म्हणाल्या, आम्ही त्यांना पुरलं आहे हे आम्हाला कळतं, पण तो हात आम्हाला हवा आहे. आणि त्यांची मुलगी, आईच्या शेजारी बसलेली तरुण पोर, म्हणाली: क्षमा करायची आमची इच्छा आहे, पण क्षमा कुणाला करायची तेच आम्हाला माहीत नाही.

आपल्याकडे या आयोगाची कथा नेहमी टुटूंच्या अश्रूंपाशी आणि गळाभेटीपाशी येऊन थांबते. ती कथा खोटी नाही. पण या मुलीचं वाक्य नीट ऐकावं. तिने सूड मागितला नाही. तिने नाव मागितलं. माफी कायदा देतो, क्षमा माणूस करतो. कायद्याला गुन्हेगाराचा अर्ज पुरतो. माणसाला समोर चेहरा लागतो.

(दृश्य: अर्जांच्या फायली, उलटत जाणारी पानं.)

नावं नंतर आली. पोर्ट एलिझाबेथच्या सुरक्षा शाखेतल्या पोलिसांनी आयोगाकडे माफीचे अर्ज केले. अट अशी होती की संपूर्ण सत्य सांगायचं. १९९९ मध्ये त्यांपैकी सहा जणांना माफी नाकारली गेली, कारण त्यांनी पूर्ण खरं सांगितलं नाही.

मग साधा प्रश्न उरतो. माफी नाही, तर खटला हवा. खटला झाला का?

नाही. आयोगाने पुढील कारवाईसाठी सुमारे ३०० प्रकरणं सरकारी वकिलांकडे सोपवली होती. त्यांपैकी फार थोडी न्यायालयात पोचली. आणि हे वर्णभेदाच्या सरकारने केलेलं नाही. मतपेटीतून निवडून आलेल्या, याच चौघांच्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्या सरकारांच्या काळात हे झालं. मला यातला सगळ्यात जड भाग हाच वाटतो. वैऱ्याने दार लावलं तर माणूस ते तोडायला निघतो. घरच्यांनीच लावलं तर उंबऱ्यात बसून राहतो.

क्रॅडॉकजवळ चौघांच्या नावाने स्मृतिउद्यान बांधलं गेलं, चार उंच स्तंभांचं. तेही अनेक वर्षं मोडतोड होऊन, बेवारशासारखं पडून होतं.

जानेवारी २०२५ मध्ये, ज्यांचे खटले चाललेच नाहीत अशा २५ कुटुंबांनी सरकारलाच न्यायालयात खेचलं. त्यात फोर्ट कालाटांचे पुत्र, पत्रकार लुखान्यो कालाटा पुढे होते. वडील गेले तेव्हा ते तीन वर्षांचे होते. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी चौकशी आयोग नेमला. प्रश्न एकच, हे खटले कुणी मुद्दाम दाबले का?

(दृश्य: गेबेर्हा, म्हणजे जुनं पोर्ट एलिझाबेथ. न्यायालयाच्या पायऱ्या.)

२ जून २०२५ रोजी क्रॅडॉकच्या चौघांच्या मृत्यूची तिसरी न्यायालयीन चौकशी सुरू झाली. माफी नाकारलेले सहाही पोलीस तोवर मरण पावले होते. एकावरही खुनाचा खटला चालला नाही.

नोमोंडे कालाटा पुन्हा साक्षीला आल्या. तोच गुरुवार, तोच पेपर, तीच जळकी गाडी. फोर्ट गेले तेव्हा २८ वर्षांचे होते. त्या वेळी पोटात असलेलं बाळ अंत्यसंस्कारानंतर जन्मलं. बाप गेला त्या वयापेक्षा ते आता मोठं आहे.