ती वाट फॉर्ममध्ये नव्हती

(पडद्यावर: रस्त्याच्या उंच भरावाखालची सिमेंटची मोरी. पलीकडून एक बाई पाण्याचे दोन कॅन घेऊन येतेय.)

ही मोरी बघताय ना, मूळ ड्रॉइंगमध्ये ही एवढी मोठी नव्हतीच. पावसाचं पाणी भरावाच्या एका बाजूने दुसरीकडे जावं एवढ्यापुरता 1 मीटरचा पाइप होता तिथे. तो पाइप जाऊन मोरी कशी आली ते सांगायला आधी आमचं काम काय असतं ते सांगावं लागेल, कारण माझ्या घरच्यांनाही ते अजून नीट कळलेलं नाही, माझा भाऊ तर सगळ्यांना सांगतो की ही झाडं मोजते.

झाडंही मोजतो म्हणा.

तर धरण, रस्ता, खाण, कारखाना, काहीही मोठं येणार असलं की काम सुरू व्हायच्या आधी त्याने हवा, पाणी, आवाज, जमीन, प्राणी आणि माणसं यांचं काय होणार ते तपासायचं, याला म्हणतात पर्यावरणीय आणि सामाजिक परिणाम मूल्यांकन, आम्ही आपापसात नुसतं ईआयए म्हणतो. हे कायद्यात आणलं अमेरिकेने, 1 जानेवारी 1970 ला अध्यक्ष निक्सन यांनी त्या कायद्यावर सही केली, पुढे 1992 च्या रिओ जाहीरनाम्यात सतरावं तत्त्व म्हणून ते आलं. आता बँकासुद्धा कर्ज देताना मागतात.

आणि हे काम करतो कोण, तर आमच्यासारखी कन्सल्टन्सी. पैसे कोण देतं? ज्याचा प्रकल्प आहे तोच. म्हणजे परीक्षा ज्याची त्यानेच परीक्षक नेमायचा असा प्रकार आहे, आणि मी या लाइनमध्ये आहे म्हणून याचं समर्थन करणार नाही, फक्त एवढंच सांगते की रोजच्या कामात हे "रिपोर्ट आमच्या बाजूने लिहा" असं थेट कोणी येऊन सांगत नाही. ते येतं तारखेच्या रूपात. 15 तारखेपर्यंत ड्राफ्ट हवाय. मग पावसाळा संपायची वाट कोण बघणार.

आमच्या टीममधले प्राणी-पक्षीवाले सर याच्यावरून कायम वैतागलेले असतात. ऐन उन्हाळ्यात त्यांना साइटवर पाठवायचं आणि बेडूक किती ते विचारायचं. ते बिचारे लिहितात "सर्वेक्षणाच्या काळात आढळले नाहीत", आणि तेच वाक्य रिपोर्टच्या सारांशात पोचेपर्यंत "आढळत नाहीत" झालेलं असतं. पहिले दोन शब्द कोणी काढले विचारलं तर कोणीच नाही, एडिटिंगमध्ये गेले.

आवाजवाल्याची वेगळीच गंमत. डेसिबलचं गणित सरळ चालत नाही, रस्त्यावरच्या गाड्या दुप्पट झाल्या तरी आकडा वाढतो फक्त 3 ने. तो टेबल वाचणाऱ्याला वाटतं 3 तर वाढलंय, काय एवढं. म्हणून तो प्रत्येक रिपोर्टमध्ये टेबलाखाली एक ओळ टाकतो की 3 म्हणजे काय, आणि प्रत्येक रिव्ह्यूमध्ये ती ओळ कोणीतरी उडवतं, आणि तो परत टाकतो.

मी टीममधली सोशलवाली. म्हणजे माणसं माझ्याकडे. घरोघरी जाऊन सर्व्हे, गटचर्चा, जनसुनावणीची तयारी, बाधितांची यादी. यादीला एक कट-ऑफ डेट असते, त्या तारखेनंतर कोणी येऊन झोपडी टाकली तर त्याला भरपाई नाही, त्यामुळे ती तारीख नीट जाहीर करणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे फॉर्म.

(पडद्यावर: क्लिपबोर्डला लावलेला छापील फॉर्म, मार्जिनमध्ये पेनाने लिहिलेल्या चार ओळी.)

हा तोच फॉर्म. आधीच्या एका प्रकल्पाचा उचलून नाव बदललेला, खोटं कशाला बोलू, सगळे तेच करतात. कुटुंबप्रमुखाचं नाव, जमीन कोणाच्या नावावर, किती, घर पक्कं की कच्चं, उत्पन्न. हा फॉर्म ज्या घरात भरला तिथे कुटुंबप्रमुख घरी नव्हते, त्यांची बायको होती, आणि नियमाने मी "नंतर येते" म्हणून निघायला हवं होतं पण पाय दुखत होते म्हणून बसले. मावशींनी पटापट उत्तरं दिली, यांची जमीन रस्त्यात जातच नव्हती, एक गुंठाही नाही, म्हणजे आमच्या हिशोबात हे घर बाधित नाही. मी फॉर्म मिटला आणि त्यांनी विचारलं, "पण मग झऱ्यावर कुठून जायचं?"

कुठला झरा?

तर घरामागून एक पायवाट जाते, ती पुढे सरकारी पडीक जमिनीतून झऱ्यापर्यंत, उन्हाळ्यात पाणी तिथूनच, जनावरांचं गवत त्याच बाजूला. आमच्या नकाशावर ही वाट नव्हती. सातबारा नाही, मालक नाही, सॅटेलाइट फोटोत झाडाखाली गेलेली, कोणाला दिसणार. मी जीपीएस घेऊन त्यांच्यामागे चालले, 600 मीटर भरलं. मग संध्याकाळी नव्या रस्त्याची अलाइनमेंट, म्हणजे आखणी, त्यावर टाकून बघितली तर बरोबर मधोमध 5 मीटरचा भराव, आणि वळसा घालून जायचं तर अडीच किलोमीटर. तेही नुसतं जायला. आणि या वाटेवर अकरा घरं.

सामायिक साधनं हातची जाणं हा काही मी लावलेला शोध नाही. मायकेल सर्निया नावाचे समाजशास्त्रज्ञ होते, 1974 ला जागतिक बँकेत गेले, तिथले पहिले समाजशास्त्रज्ञ. विस्थापनात माणूस गरीब कसा होत जातो याचे त्यांनी आठ धोके मांडले: जमीन जाणं, काम जाणं, घर जाणं, समाजात बाजूला पडणं, खायची शाश्वती जाणं, आजारपण आणि मृत्यू वाढणं, सामायिक साधनं जाणं आणि माणसामाणसातली वीण उसवणं. आम्हाला हे पाठ असतं. फॉर्ममध्ये मात्र जमीन आणि घर एवढंच येतं कारण त्याचे पैसे काढता येतात. तसंच 1971 ला ल्यूना लिओपोल्ड या अमेरिकन जलशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला तो प्रसिद्ध तक्ता, एका बाजूला प्रकल्पातली 100 कामं, दुसऱ्या बाजूला पर्यावरणाचे 88 घटक, म्हणजे 8800 चौकटी, आणि त्यात ये-जा करण्याची चौकटसुद्धा आहे. पण भरणाऱ्याला वाट माहीत असेल तर तो भरणार ना!

मीटिंगमध्ये डिझाइनवाले म्हणाले वाट काय, लोक दुसरी पाडतील. क्लायंट म्हणाला हवं तर अकरा घरांना एकरकमी पैसे देऊ. आता आमच्याकडे क्रम ठरलेला असतो, आधी नुकसान टाळा, नाही जमलं तर कमी करा, मग होतं तसं करून द्या, आणि यातलं काहीच जमलं नाही तर शेवटी भरपाई, पण प्रत्यक्षात मीटिंग नेहमी शेवटून सुरू होते. आमच्या टीम लीडर मॅडम फार कमी बोलतात. त्यांनी फक्त कर्ज देणाऱ्या बँकेने लावलेली मानकं उघडली, आयएफसीची, म्हणजे जागतिक बँक गटातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनची, 2012 ची, आठ मानकं आहेत त्यातलं पाचवं, आणि वाचून दाखवलं की प्रकल्पाला जमीन घेतल्यामुळे साधनांपर्यंतची ये-जा तुटून पोटावर पाय आला तर तेही विस्थापनच, घर जागचं हललं नाही तरी. खोली शांत झाली. बँकेचं नाव निघालं की होते.

त्यातून मार्ग काढला तो मात्र ज्याला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते त्या डिझाइनवाल्यानेच. तो म्हणाला, पाण्याचा पाइप तिथे आहेच, तोच काढून 3 मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच मोरी टाकली तर माणसं जातील, गुरंही जातील. मी म्हटलं पावसाळ्यात त्यात पाणी असेल. तो म्हणाला पावसाळ्यात झऱ्यावर कोण जातंय. मी म्हटलं गवताला जातात. त्यावर त्याने एका कडेला फूटभर उंच कट्टा काढून दिला, चालण्यापुरता.

(पडद्यावर: मोरीच्या आतलं दृश्य. कट्टा गाळाखाली, त्यावर ओळीने ठेवलेले दगड.)

परवा शूटिंगच्या निमित्ताने परत गेले तेव्हा हे असं होतं. कट्टा दिसत नाही, गाळ त्याच्या वर आलाय, दगड लोकांनीच टाकलेत. टेप लावली तर ड्रॉइंगमधल्या अडीच मीटरची उंची 2 मीटरच्या आसपास उरलीय. आमच्या व्यवस्थापन आराखड्याच्या तक्त्यात मी तेव्हा स्वतःच लिहिलं होतं, मोरीची साफसफाई, दर वर्षी पावसाळ्याआधी, जबाबदारी कंत्राटदाराची. कंत्राटदाराचं काम संपून 2 वर्षं झाली.