नागपूर उलटं केलं तर

(दृश्य: झिरो माइलचा खांब आणि चार घोडे. रिकामा रस्ता. एक स्कूटी कॅमेऱ्यासमोरून जाते.)

रविवारची सकाळ. झिरो माइलच्या घोड्यांपुढची नेहमीची गर्दी अजून जमायची आहे. बर्डीकडून आलेली ही स्कूटी मात्र घाईत आहे. पायाशी ठेवलेल्या पिशवीत चार एक्स्टेन्शन बोर्ड, प्रोजेक्टरची लांब केबल आणि चिकटपट्टीचे दोन रोल. शंभराहून जास्त देशांत पसरलेल्या, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या ‘गुगल डेव्हलपर ग्रुप’ या जाळ्याचं नागपुरातलं टोक या पिशवीत मावतं.

(दृश्य: कॉलेजचा हॉल. शिपाईकाका कुलूप उघडतात. पंखे सुरू होतात.)

हॉल कॉलेजचा, एका दिवसापुरता मागून घेतलेला. काकांनी दार उघडलं, पंखे लावले, आणि स्वतःच पहिली खुर्ची सरळ केली. पुढच्या तासाभरात इथे सॉफ्टवेअर लिहिणारी, लिहू पाहणारी माणसं जमतील. फी नाही. हजेरीचे गुण नाहीत. आलात तर तुम्ही गटातले.

(दृश्य: मुलं-मुली खुर्च्या लावताना, जमिनीवर केबल चिकटवताना.)

अशा जमण्याला जुना इतिहास आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावात, एका घराच्या गॅरेजमध्ये काही हौशी लोक भेटले. मधोमध ठेवला होता अल्टेअर ८८०० नावाचा संगणक. त्याला ना पडदा, ना कळफलक. समोर नुसती बटणं आणि दिवे. त्या रात्री तिथे स्टीव्ह वॉझनियाक नावाचा एक बुजरा अभियंता होता. पुढे त्यानं ॲपलचा पहिला संगणक बनवला आणि तो आधी याच मंडळींना आणून दाखवला. होमब्रू कॉम्प्युटर क्लब असं त्या मंडळींचं नाव. तिथला शिरस्ता साधा होता: आपल्याला जे कळलं, ते इतरांपुढे मांडायचं.

आपल्याकडेही नव्वदच्या दशकात लिनक्स या फुकट वाटता येणाऱ्या संगणकप्रणालीचे युजर ग्रुप उभे राहिले. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून ठिबकत यायचं, तेव्हा एका सीडीच्या दहा प्रती व्हायच्या आणि हातोहात गावोगाव जायच्या. ज्याच्या घरी संगणक सुरू झाला, तो दुसऱ्याच्या घरी जाऊन सुरू करून द्यायचा.

आजच्या बैठकीचं जाळं त्यानंतरचं. आधी त्याला गुगल टेक्नॉलॉजी युजर ग्रुप म्हणत. २०१२ मध्ये नाव बदलून गुगल डेव्हलपर ग्रुप झालं. पाठबळ गुगलचं, पण शाखा चालवणारे लोक कंपनीचे नोकर नसतात. शहरातलीच माणसं आपली नोकरी, परीक्षा, घर सांभाळून हे करतात, आणि त्याचा पगार कुणाला मिळत नाही. कॉलेजांमध्ये विद्यार्थ्यांचे वेगळे गट आहेत.

(दृश्य: फळ्यावर वर्षाचं वेळापत्रक. खडूनं महिन्यांची नावं.)

वर्षाचा फेरा ठरलेला आहे. मार्चमध्ये महिला दिनाच्या सुमारास स्त्री-डेव्हलपरांचे कार्यक्रम. मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथली गुगलची आय/ओ परिषद. तिथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा नागपुरात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. मेचं नागपूर, कूलरचा आवाज, आणि लॅपटॉपला डोळे लावून बसलेली मुलं. मग काही आठवड्यांनी त्याच परिषदेत मांडलेल्या गोष्टी ठिकठिकाणचे गट आपापल्या सभागृहांत उलगडून दाखवतात. पावसाळा सरला की डेव्हफेस्टचा हंगाम, वर्ष संपेपर्यंत. जगभरातले शेकडो गट त्या काळात आपापल्या शहरात मोठा मेळावा भरवतात.

(दृश्य: पहिली रांग. वह्या उघडलेल्या. समोर पडदा.)

आजचं पहिलं सत्र मराठीतून आहे. बोलणारी ताई नागपूरचीच, एका कंपनीत काम करते. पडद्यावर ती पायथन या संगणकाच्या भाषेत एकच शब्द टाइप करते.

(दृश्य: पडद्यावर मोठ्या अक्षरात: नागपूर)

ती विचारते, या शब्दात अक्षरं किती? हॉलमधून एका सुरात उत्तर येतं: चार. ना, ग, पू, र. संगणकाला विचारल्यावर तो म्हणतो, ६.

कुजबुज सुरू होते. ताई थांबत नाही. ती संगणकाला सांगते, हाच शब्द उलटा करून दे.

(दृश्य: पडद्यावर: रूपगान. कॅमेरा चेहऱ्यांवर. निवेदन पाच सेकंद थांबते.)

रूपगान. आपल्या शहराच्या नावातून असा शब्द निघावा याचा आनंद या चेहऱ्यांवर दिसतोच आहे. पण ताई सांगते, हे उत्तर चुकलेलं आहे.

(दृश्य: फळा. ती एकेक चिन्ह वेगळं लिहिते: न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र.)

आपण ‘ना’ लिहितो, तेव्हा संगणक दोन खुणा साठवतो: न आणि त्यामागे काना. ‘पू’साठीही दोन, प आणि दीर्घ ऊकार. म्हणून चार अक्षरांच्या सहा खुणा होतात. या प्रत्येक खुणेला युनिकोडनं, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीच्या मानकानं, एकेक क्रमांक दिला आहे. देवनागरीला १२८ जागांचा गाळा मिळाला, आणि त्याची मांडणी इस्की या भारतीय मानकावर बेतलेली आहे. सहाच्या सहा खुणा उलट्या क्रमानं लावल्या, की ‘न’चा काना ‘ग’ला जाऊन चिकटतो आणि ‘पू’चा ऊकार ‘र’कडे जातो. मात्रा आपल्या अक्षराला सोडून शेजाऱ्याच्या घरी राहायला गेल्या.

(दृश्य: मागच्या रांगेतली मुलगी हात वर करते.)

पुढचा शब्द तिनं सुचवला: वऱ्हाड. हा शब्द विदर्भातल्या माणसानं सुचवावा हे साहजिक. ‘ह’च्या आधीचा हा र डोक्यावर रफार होऊन बसत नाही, पापणीच्या केसासारखा आडवा राहतो. मराठीत याची गरज पदोपदी लागते: दऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड. युनिकोडमध्ये या र साठी वेगळं अक्षर आहे. पण तोच आकार दुसऱ्या वाटेनंही मिळतो. साधा र, हलन्त, आणि त्यामागे शून्य रुंदीचं, डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह.

(दृश्य: पडद्यावर दोन ओळी, हुबेहूब सारख्या. खाली संगणकाचं उत्तर: नाही.)

हे दोन शब्द एकच आहेत का, असं ताईनं संगणकाला विचारलं, आणि तो नाही म्हणाला. पहिल्यात सहा खुणा, दुसऱ्यात सात. वेगवेगळ्या खुणांनी लिहिलेलं एकसारखं करणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणीकरणातून काढले तरी हे दोघे एक होत नाहीत. म्हणजे एकानं एका कळफलकावर वऱ्हाड लिहून ठेवलं आणि दुसऱ्यानं वेगळ्या कळफलकावर तेच शोधलं, तर सापडणार नाही. गावाचं नाव, माणसाचं आडनाव, शेताच्या कागदावरची नोंद, काहीही असो. मराठीतून शिकवल्यानं विषयाची पातळी उतरते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही वीस मिनिटं पाहावीत. हा प्रश्न इंग्रजीतून विचारताच येत नाही, कारण इंग्रजीला तो पडलेलाच नाही.

(दृश्य: मध्यंतर. पोह्यांच्या ताटल्या, वरून तर्री ओतली जाते. भिंतीला टेकून लॅपटॉप उघडलेला मुलगा.)

पोहे थंड होतायत. तो ताईला विचारतो: “आमच्या शाळेच्या तक्त्यात तं ज्ञ एकच अक्षर हाय. मंग हे मशीन दोन काऊन सांगून राहिलं?”

त्याचं बरोबर आहे. एखाद्या शब्दात वाचणाऱ्याला किती अक्षरं दिसतात, हे ठरवणारा नियम युनिकोडमध्ये आहे. पण बरीच वर्षं त्या नियमात देवनागरी जोडाक्षरं हलन्तापाशी तुटत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी हे सुधारलं. तेव्हापासून क्ष आणि ज्ञ अखंड. या मुलाच्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर जुनं आहे, म्हणून ते अजून तोडतं. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता मात्र कधीच चुकला नव्हता.

(दृश्य: ताई त्याच्या शेजारी पायरीवर बसते. दोघं एकाच पडद्याकडे पाहतात.)

दुपारी मोबाइल ॲपवर आणि क्लाउडवर आणखी दोन सत्रं झाली.

(दृश्य: व्हिडिओ कॉलवर दुसऱ्या शहरांतले चेहरे, मागे त्यांचे हॉल.)

जाळं म्हणतात ते हे. थाई लिपीत शब्दांच्या मध्ये जागाच सोडत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपला हे शोधणं तिथल्या डेव्हलपरपुढचं कोडं. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, आणि मध्येच आलेले आकडे डावीकडून उजवीकडे. प्रत्येकाचा पेच वेगळा, पण तो सोडवण्यासाठी लागणारी हत्यारं बरीचशी सारखी, आणि त्यातली पुष्कळशी कुणालाही उघडून पाहता येतात, दुरुस्त करता येतात. दुरुस्ती पाठवणारा मुंबईचा, बँकॉकचा की हिंगण्याचा, हे तो कोड विचारत नाही.

या गटातल्या काहींना इथल्या ओळखींतून नोकऱ्या लागल्या, बरेच जण पुण्या-हैदराबादला गेले.

(दृश्य: संध्याकाळ. खिडकीतून तिरपं ऊन. हॉल अर्धा रिकामा.)

सकाळी हात वर करणारी मुलगी अजून खुर्चीत आहे. तिनं स्वतःचा प्रोग्रॅम लिहिलाय. आधी शब्द वाचणाऱ्याच्या अक्षरांत तोडायचा, मात्रा आपापल्या अक्षराजवळ ठेवायच्या, आणि मग उलटा करायचा. तीन वेळा चुकला. चौथ्यांदा ती कळ दाबते.

(दृश्य: तिच्या पडद्यावर: रपूगना)

तिनं ताईला हाक मारली. ताईनं वाकून पाहिलं, एकेक अक्षर बोटानं मोजलं. र, पू, ग, ना. चार.

(दृश्य: दोघींचे चेहरे. हॉलचा आवाज तसाच ठेवावा, संगीत नको.)

काका चावी घेऊन दारात उभे आहेत. खुर्च्यांच्या चळती लागल्या. चिकटपट्टी ओढून काढली, केबल गुंडाळली, चारही एक्स्टेन्शन बोर्ड मोजून पिशवीत गेले. स्कूटी सुरू झाली. वर्धा रोडवर मेट्रोचे दिवे लागलेत. फळ्यावर न, काना, ग, प, ऊकार, र तसेच आहेत. काकांनी ते पुसले नाहीत.