ग्वाल्हेरची थंडी आणि एवढीशी चिमणी

जानेवारीतलं ग्वाल्हेर. किल्ला समोरच आहे पण कोहऱ्यात दिसत नाहीये, रात्री पारा 5 डिग्रीच्या खाली गेला होता. आणि ह्या तारेवर बघा, चिमणी. वजन जेमतेम 25 ग्रॅम, अंगातलं टेम्परेचर 40 डिग्रीच्या वर, आणि ते तिला रात्रभर तसंच टिकवायचंय, ना हीटर ना शेकोटी.

ती अशी गोल दिसतेय ना, ती काही जाडी झालेली नाही. पिसं फुलवली की मधे हवा अडकते, ती अडकलेली हवा हीच तिची रजई. चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, एक पाय पोटाशी ओढलेला, कारण ऊब निसटते ती अशा उघड्या जागांतूनच. एवढ्यानेही भागलं नाही तर छातीचे उडायचे स्नायू बारीक बारीक थरथरवत राहायचं, त्यातून गरमी तयार होते.

पण थरथरायला इंधन लागतं, आणि मला विचाराल तर सगळी लढाई इथेच आहे. डिसेंबरअखेर आपल्याकडे रात्र जवळपास साडेतेरा तासांची असते, दिवसभर खाऊन साठवलेली चरबी रात्रीतच जळते, लहान पक्ष्यांचं वजन एका रात्रीत 10 टक्क्यांपर्यंतही उतरू शकतं, म्हणजे उजाडल्या उजाडल्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, आणि नेमकं तेव्हाच दाट धुकं, समोरचं दिसत नाही, किडे गारठून कुठेतरी दडलेले. नुसती थंडी ते सोसतात हो, उपाशी सकाळ सोसवत नाही.

मग ज्याची त्याची युक्ती. सातभाई एका फांदीवर एकमेकांना खेटून ओळीने झोपतात, तेवढंच अंग कमी उघडं पडतं. तांबट वाळक्या फांदीत स्वतः कोरलेल्या ढोलीत शिरतो. पिंगळा सकाळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. घार तर जमीन तापेपर्यंत उठतच नाही, वर चढणारी गरम हवा नसेल तर नुसते पंख मारण्यातच तिची ताकद संपेल.

ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणाच्या गार पाण्यातल्या बदकांचं काय? त्यांच्या पायांत खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं थंड रक्त अगदी शेजारून वाहतं, त्यामुळे ऊब वरच्या वर परत अंगात जाते आणि पाय गार राहिले तरी चालतं. किती सुंदर व्यवस्था आहे ही! आणि पट्टकादंब हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून हिंदुस्थानात उतरतात, त्यांच्या मानाने आपली ही थंडी म्हणजे उबदारच.

तुमच्या गच्चीवर बाजरी, ज्वारी टाकत असाल तर दुपारी चारच्या सुमाराला टाका, झोपायच्या आधी पोट भरायची त्यांची तीच वेळ, आणि थोडी पहाटे मिळाली तर फारच छान. उथळ ताटलीत अंघोळीला पाणीही ठेवा, पिसं स्वच्छ असली तरच नीट फुलतात. आणि अंगणातल्या झाडाची वाळकी फांदी दिसायला वाईट दिसते म्हणून आत्ता कापू नका, आधी तिला भोक आहे का ते बघा.